बॅटरी धरणारी

धाकटीने कपड्यांचा ड्रायर भिंतीपासून हातभर ओढला, प्लग काढून डोळ्यांसमोर फरशीवर ठेवला आणि मागच्या चिंचोळ्या फटीत स्वतःला कसंबसं बसवलं. एक गुडघा फरशीवर, दुसरा छातीला लागलेला, पाठ गार भिंतीला टेकलेली.

"बॅटरी," ती म्हणाली.

हात मात्र तिने पुढे केला नाही. या घरात बॅटरी हातात घ्यायची पद्धत नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत आणि उजेड धरायला आई होती. अण्णा, तिचे वडील, दुरुस्तीचं दुकान चालवायचे तेव्हापासून हे असंच चालत आलेलं. अण्णा मशीनच्या पोटात शिरायचे, आई मागून उजेड टाकायची, आणि त्यांना कुठला स्क्रू दिसत नाहीये हे त्यांच्या आधी तिला कळायचं. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या बायकोला मिस्त्रीच्या डोळ्यांनी दिसतं. अण्णा म्हणायचे, दिसतंय कसलं, कंटाळते ती, लवकर आटपावं म्हणून करते.

आज उजेड आला तो धाकटीच्या कानावर.

"खाली, आई."

उजेड खाली उतरला आणि फरशीवरच्या धुळीत जाऊन बसला.

"अगं, इतकं पण खाली नको. पत्र्यावर धर."

"दिसतंय का आता?"

"दिसतंय."

दिसत होतं ते अर्धंच. वय झालं, हात अवघडत असेल, असं मनाशी म्हणून धाकटीने मागच्या पत्र्याचे स्क्रू चाचपडतच काढायला घेतले. निघालेला एकेक स्क्रू ती खांद्यावरून मागे धरायची आणि आई तो घेऊन स्टीलच्या वाटीत टाकायची. टिण्ण. टिण्ण.

घरात चालायचं तर वाकून चालावं लागत होतं. दारावर चादर, खुर्च्यांच्या पाठींवर चादरी, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत ताणलेल्या दोरीवर चादरीच चादरी, आणि त्यांच्यामधून फिरणारा कोंदट ओला वास. तळमजल्याचं घर, समोर उंच इमारत. ऊन इथे पाहुण्यासारखं, आलं तर आलं. त्यात आठवडाभर आभाळ तोंड फुगवून बसलेलं. सकाळी आत शिरताना दारावरची चादर धाकटीच्या तोंडाला अशी चिकटली की आल्या आल्या तिची दुसरी आंघोळ झाली.

अण्णांना झटका आला त्याला आता बरेच महिने झाले होते. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, लघवीवरचा ताबा सुटला. बुद्धी मात्र जागच्या जागी राहिली आणि तिच्या शेजारी रागही. रोज चादरी निघायच्या, रोज धुवाव्या लागायच्या. ड्रायर होता म्हणून हे रेटलं जात होतं. तोही अण्णांनीच कधीतरी दोन मोडक्या ड्रायरांतून एक धड असा उभा केलेला. या आठवड्यात तोच तापायचा थांबला. ड्रम फिरे, पंखा घुमे, पण आतून हवा यायची ती गार. चादरी तासभर गरगर फिरून जशाच्या तशा ओल्या बाहेर यायच्या. घरचं झालं थोडं, तसा प्रकार.

आणि वेळही नेमकी अशी. दादाने, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाने, आजाऱ्यांची देखभाल करणारी एक जागा पाहून ठेवली होती. तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि हो की नाही ते त्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. धाकटीचं उत्तर 'नाही' होतं, ते ती गेले काही महिने निरनिराळ्या आवाजांत देत आली होती. अण्णा या घरात आहेत तोवर अण्णा आहेत, तिथे नेऊन टाकलं की महिन्यात संपतील. दादा दुसऱ्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतो, त्याला काय कळतंय. आई आहे ना इथे. आई सगळं करतेय. आई आहे म्हणून काही काळजी नाही. आईला विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही दोघं ठरवाल ते." धाकटीला त्यात होकार ऐकू यायचा, आपल्या बाजूचा.

स्वतः धाकटी रविवारी यायची. बाकीचे दिवस अण्णांचं दुकान चालवायची, तेच दुकान, तीच पाटी. रविवारी फळं आणायची, अण्णांची दाढी करायची, नळ गळत असेल तर वायसर बदलायची आणि संध्याकाळी समाधानाने घरी जायची. रविवारची सेवा कशी नेटकी असते, तिला सोमवार माहीत नसतो.

पत्रा निघाला. आतून धुळीचा आणि जळक्या कापसाचा जुना वास आला. भिंतीपलीकडच्या खोलीतून गुरगुर ऐकू आली. अण्णांचे शब्द हल्ली ओल्या कपड्यात गुंडाळून आल्यासारखे यायचे. ते सोडवायचं काम आईचं.

"काय म्हणतायत?" धाकटीने विचारलं.

"म्हणतायत, आधी हवा बघ, मग आग."

"बघितली, अण्णा," धाकटी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "जाळी साफ आहे. नळी साफ आहे. आरपार दिसतंय."

पलीकडून पुन्हा गुरगुर.

"म्हणतायत, बघितली म्हणणारे सगळेच बघत नाहीत."

धाकटीला हसू आलं. शिकत असताना तिने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही तिने त्याला मान डोलावली असती. हवा अडकली की ड्रायर आतल्या आत तापतो आणि त्याचा फ्यूज उडतो. निम्म्या ड्रायरांचं दुखणं तेवढंच असतं. लोक मात्र थेट हीटरवर संशय घेतात, तापत नाही ना, मग हीटरच गेला. अण्णा म्हणायचे, माणूस जेवत नाही म्हणून कुणी त्याचं पोट बदलतं का?

पण इथे हवा अडकली नव्हती. आई दर खेपेला जाळीवरचं तूस बोटांनी काढून टाकायची, नळी महिन्याच्या महिन्याला झटकायची. तिच्या हाताखालचं मशीन असं मरायचं नाही. धाकटीने मीटर काढला, त्याच्या दोन सुया फ्यूजच्या दोन टोकांना लावल्या. मीटर टुंई करून वाजला. फ्यूज शाबूत. तापमान राखणारा थर्मोस्टॅट तपासला. टुंई. तोही शाबूत. सगळ्यात शेवटी हीटरची कॉईल. ती तुटलेली असणार अशी तिची खात्रीच होती, येताना नवी कॉईल पिशवीत टाकूनच आली होती. अर्ध्या उजेडात चाचपडत सुया टेकवल्या आणि मीटरवर हवा तोच आकडा आला. कॉईल ठणठणीत.

"कमाल आहे," ती म्हणाली. "हातपाय धड, छाती धड, आणि अंगात ऊब नाही."

"जुनं झालंय," आई मागून म्हणाली. "राहू दे ना. किती वेळ अशी दुमडून बसशील? चहा टाकते."

"थांब गं. सगळं चांगलं आहे आणि तापत नाही, असं होत नाही."

"मशीनलाही कधीतरी नको वाटत असेल."

धाकटीने ते हसण्यावारी नेलं. पलीकडून अण्णा पुन्हा काहीतरी बोलले. या वेळी लांबलचक, आणि दोनदा. आईचा हात हलला असावा, कारण उजेड पत्र्यावरून घसरून भिंतीवर गेला आणि तिथे थरथरला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. पाणी मागतायत."

पण आई उठली नाही. धाकटीच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. ती विचारात होती. सगळे भाग वेगवेगळे तपासले, आता राहिला रस्ता. वीज कुठून येते आणि कुठवर जाते ते बोटाने चालत जायचं. तिने मुख्य तारेवर बोट ठेवलं आणि निघाली. स्विचपासून थर्मोस्टॅटपर्यंत, तिथून फ्यूजपर्यंत. फ्यूजपासून हीटरकडे जाणारी लाल तार तारांच्या जुडग्यात शिरली.

"इथे उजेड दे, आई. डावीकडे."

उजेड उजवीकडे आला.

"डावीकडे गं."

उजेड जागचा हलला नाही. धाकटीने मग डोळे मिटले आणि बोटांनीच वाट काढली. जुडग्याच्या मागे, पत्र्याच्या कडेला, तिला लाल तारेचं टोक लागलं. ते हीटरवर नव्हतं. हीटरवरची जागा मोकळी होती.

एवढंच होतं तर. तिला हायसं वाटलं. तार निसटली होती. पण टोक बाहेर ओढून तिने डोळ्यांजवळ आणलं आणि ते हायसं वाटणं तिथेच थांबलं. निसटलेली तार लोंबते. ही लोंबत नव्हती, नीट वळवून जुडग्यामागे खोचलेली होती. तिच्या उघड्या टोकावर काळी टेप गुंडाळलेली होती, कुणाला चुकून झटका बसू नये म्हणून. आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, उलगडणाऱ्याला नखात धरता यावं असं. दुकानात नवा आलेला माणूस टेप तशीच चिकटवून टाकायचा तेव्हा अण्णा त्याला विचारायचे, पुढचा मिस्त्री तुझा वैरी आहे का?

धाकटीने हीटरकडे पुन्हा पाहिलं. ड्रायर बिघडवायचाच असता तर सोपे मार्ग पुष्कळ होते. नळीत बोळा कोंबायचा, तार कापायची, कॉईलवर एक घाव घालायचा. इथे साधा ओरखडा नव्हता. तारेचं टोक पक्कडीत धरून, तारेला ताण न देता, जरा जरा हलवत काढलेलं होतं. ज्याने हे केलं त्याला मशीन बंद पाडायचं होतं, पण मशीनला दुखवायचं नव्हतं.

अण्णा पलंगावरून उठू शकत नव्हते. दादा बल्ब बदलायचा तरी माणूस बोलावतो. ती स्वतः गेल्या रविवारी आली होती, ती थेट आज.

उजेड विझला. आईने बॅटरी बंद केली होती.

धाकटी फटीतून लगेच बाहेर आली नाही. चादरींतून गाळून येणारा दिवसाचा मळकट उजेड तेवढा राहिला होता. त्यात तिला आईचे पाय दिसत होते, घोट्याशी सुजलेले, चपलेच्या पट्ट्यावर आलेले. ही सूज तिने याआधी पाहिली नव्हती, की पाहिली होती, तिला आठवेना.

"सापडली तर," आई म्हणाली.

"आई, हे तू केलंस?"

"मी."

"का पण?"

आई स्टूल ओढून बसली. स्क्रूंची वाटी तिने मांडीवर घेतली आणि बोटाने स्क्रू इकडचे तिकडे करत राहिली.

"ठरवून नाही गं. त्या दिवशी सकाळी त्यांना कुशीवर वळवताना पाठीत अशी कळ आली की मी पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले. ओली चादर हातात. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले, मी दाराकडे तोंड करून बसलेली. किती वेळ गेला काय माहीत. मग मनात आलं, आज या वाळवायच्याच नाहीत. टांगून ठेवायच्या घरभर. कुणी आलं तर दिसतील तरी." तिने दोरीकडे मान वळवली. "एरवी दिसतात का? ड्रायरमधून काढायच्या, घडी घालायची, कपाटात. तू येतेस तेव्हा घर कसं लख्ख. तू म्हणतेस, आई आहे म्हणून काळजी नाही."

धाकटीचे कान तापले.

"मग मला सांगायचं ना. फोन करायचास एक."

"आणि काय सांगायचं? मी थकले? नवरा अंथरुणाला खिळलाय आणि बायको म्हणतेय, मी थकले. माझ्याच जिभेला ते वळत नाही." आईने एक स्क्रू उचलून पाहिला आणि परत वाटीत टाकला. "आणि तू तर केवढी तावातावाने भांडत होतीस दादाशी. आई करतेय ना सगळं, म्हणालीस. मी तिथेच बसले होते, तुझ्यासमोर. म्हटलं, आता विचारेल. एकदा माझ्याकडे बघून विचारेल, आई, तुला झेपतंय का. मी तर काय बोलायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं."

"मग?"

"मग तू डबा भरून घेतलास आणि गेलीस."

आईने पदराने वाटीची कड पुसली.

"मशीनचं बरं असतं," ती म्हणाली. "बंद पडलं की कुणीतरी येतं बघायला."

टोमणा मारावा तसं ती बोलली नाही. आज भाजी महाग आहे असं सांगावं, तसं बोलली. त्यामुळेच धाकटीला तोंड लपवायला जागा उरली नाही. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, लहानपणी चोरी सापडल्यावर वाटायची तशी. सगळ्यांची मशीनं उघडून आत काय मोडलंय ते सांगणारी ती, आणि या खोलीत दर रविवारी समोर बसून चहा प्यायली होती. 'अण्णांना माझ्याकडे आणा' असं तर ती कधीच म्हणाली नव्हती. जिन्याचं कारण होतं, दुकानाचं कारण होतं, आणि दोन्ही कारणं खरी होती.

"आई."

"हं."

"झेपत नाही ना तुला?"

आई हसली, तोंडाच्या एका कोपऱ्याने. मग तिची हनुवटी हलायला लागली आणि तिने पदर तोंडाशी नेला.

"नाही गं," ती पदराआडून म्हणाली. "नाही झेपत."

धाकटी फटीतून गुडघ्यांवर बाहेर आली आणि तशीच आईच्या पायांशी बसली. हात काळे होते म्हणून तिने मनगटानेच आईच्या गुडघ्याला स्पर्श केला.

"मघाशी ते पाणी मागत नव्हते," आई म्हणाली.

"मग काय म्हणत होते?"

"राहू दे, म्हणत होते. तार राहू दे, जोडू नकोस." आईने नाक पुसलं. "त्यांना सगळं माहीत आहे. मी पत्रा काढला तेव्हा स्क्रू वाटीत पडलेले ऐकले असतील. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, यांना कळणारच. इतके दिवस एका शब्दाने बोलले नाहीत. आणि मी इथे चोरासारखी, आता सापडते की मग सापडते. बॅटरी धरताना हात माझं ऐकेना."

धाकटीने भिंतीकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यात एकही मशीन उघडं किंवा अर्धवट सोडलं नाही, गिऱ्हाईक नको म्हणत असतानाही जो स्वतःच्या समाधानासाठी शेवटचा स्क्रू पिळायचा, तो तिथे पडल्या पडल्या जोडू नकोस म्हणत होता.

"मग काय करू?" तिने विचारलं. "राहू देऊ?"

"वेडी का काय? जोड. चादरींनी आपलं काय घोडं मारलंय?"

धाकटी पुन्हा फटीत शिरली. "बॅटरी," असं ती म्हणायच्या आतच हीटरवरच्या मोकळ्या जागेवर उजेडाचा गोल येऊन बसला, नेमका, जरासुद्धा न हलता. टेपचं दुमडलेलं टोक नखाने अलगद सुटलं. लाल तार तिने हीटरवर दाबून बसवली, एकदा ओढून पाहिली, पत्रा लावला. आईने वाटीतून एकेक स्क्रू पुढे केला. काम मिनिटाभराचं होतं.

प्लग लावला, दोरीवरच्या दोन चादरी आत टाकल्या आणि बटण फिरवलं. ड्रम घुमू लागला. आईने दाराच्या काचेवर तळवा ठेवला. हळूहळू काच कोमट झाली, मग गरम. तिने तळवा काढला नाही. दुसऱ्या हाताने खुर्ची जवळ ओढली, तिच्यावरची चादर बाजूला केली आणि बसली. धाकटी हात धुवून, चहाचं आधण ठेवून परत आली तेव्हा आईचं डोकं ड्रायरच्या बाजूला टेकलेलं होतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीत सुटलेले. भर दुपारी आई झोपलेली तिने कधी पाहिली होती, आठवेना. चहाखालचा गॅस तिने बंद केला आणि एकेक चादर उतरवून घ्यायला लागली.

दादाचा फोन आला तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर चादरी होत्या. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून ती स्वयंपाकघरात गेली.

"काय गं, झालं का मशीन?"

"झालं."

"चला, सुटलो." दादाने सुस्कारा टाकला. "मग मी त्यांना नाही म्हणून कळवतो. भांडायची ताकद नाही माझ्यात आता. तुझंच खरं धरू. आई करतेय तोवर…"

"थांब. हो म्हणून कळव."

"काय?"

"हो म्हणून कळव, दादा. आई थकलीय."

"आई म्हणाली असं?"

"म्हणाली. विचारल्यावर म्हणाली."

पलीकडे दादाने घसा खाकरला. "तिने मला कधीच सांगितलं नाही."

"तू तरी कधी विचारलं होतंस? मी पण नाही विचारलं." धाकटीचा आवाज चढला आणि तिने तो खाली आणला. "आणि हे बघ, या वेळी फोनवरून नको. तू स्वतः ये. त्यांना न्यायचं तर दोघांनी न्यायचं."

"येतो," दादा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की ती पुढे भांडायला तयार होती ते सगळं तसंच राहिलं.

फोन ठेवल्यावर तिला भिंत आठवली. भिंत कसली, नुसता पुठ्ठा. वाटीत पडलेला स्क्रू पलीकडे ऐकू जातो.

अण्णांची हाक आली. मोठी नव्हती. धाकटीने आईकडे पाहिलं, तिची पापणीही हलली नव्हती. चादरी टेबलावर टाकून ती खोलीत गेली.

अण्णा छताकडे बघत होते. सकाळीच तिने दाढी करून दिली होती आणि गालावर एका जागी साबण राहिला होता. तिने तो बोटाने पुसला. अण्णांनी तोंड उघडलं, शब्द जुळवला, टाकून दिला, पुन्हा जुळवला. सोडवून द्यायला आई नव्हती. धाकटीने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"कधी?"

"दादा येतोय," ती म्हणाली. "या आठवड्यात. आम्ही दोघं येऊ बरोबर, अण्णा. आणि मी रविवारची वाट नाही बघणार. मधल्या दिवशी पण येईन."

अण्णांनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. पलीकडे ड्रायर एका लयीत घुमत होता. मध्येच थर्मोस्टॅटचा कट असा बारीक आवाज झाला, आणि अण्णांनी तो ऐकला हे त्यांच्या भुवईवरून तिला कळलं.

मग त्यांचा डावा हात पांघरुणाखाली चाळवला आणि त्यांनी मान फिरवून घेतली. धाकटीला कळायला क्षणभर लागलं. तिने पांघरुणाची कड उचलली. चादर ओली झाली होती.

आजवर या कामाच्या वेळी अण्णांनी तिला खोलीत थांबू दिलं नव्हतं. पोरगी आहे, एवढंच ते म्हणायचे, आणि आई दार लावून घ्यायची. ती सवयीने मागे सरली.

"आईला बोलावते," ती म्हणाली.

अण्णांनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्या हातात अजून पक्कड धरणाऱ्याची ताकद होती. ते काहीतरी बोलले. तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती वाकली, श्वास रोखून ऐकत राहिली, आणि तिसऱ्या खेपेला तिला स्वच्छ ऐकू आलं.

"तिला उठवू नकोस."

धाकटीने मान हलवली. बाहेर जाऊन तिने ड्रायर थांबवला, आईचं डोकं हळूच खुर्चीच्या पाठीकडे केलं, आणि हातांना चटका बसेल अशी एक चादर काढून घेऊन आली. दार लोटून घेतलं. अण्णा तोवर भिंतीकडे वळायचा प्रयत्न करत होते. एवढं त्यांना एकट्याने जमत नव्हतं. तिने चादर उशाशी ठेवली, बाह्या वर केल्या आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला.

"सांगा, अण्णा," ती म्हणाली. "आधी काय करायचं?"